तांदळाच्या डब्यातली हार्ड डिस्क

पितृपक्षात आमच्याकडे सासूबाईंची तिथी असते. त्याची यादी मी गणपती उठल्यावर दुसऱ्याच दिवशी करते. यंदाच्या यादीत गुरुजींना फोन, अळूची पानं, केळीची पानं, मोठी पातेली माळ्यावरून काढणे अशा नेहमीच्या कामांबरोबर एक नवं काम होतं: हार्ड डिस्क टीव्हीला जोडून बघणे. तिथीला आठ दिवस होते. मी गुरुवारी सकाळी शाळेत जायच्या आधी ती जोडली आणि आतून टक् असा आवाज आला. मग पुन्हा टक्. टीव्हीवर काहीच आलं नाही. सात-आठ वेळा टकटक झाली आणि डिस्क गप्प झाली.

डिस्क माझी नव्हती. माझ्या नणंदेची होती. मी त्यांना वन्सं म्हणते. आता असं कुणी म्हणत नाही, पण लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी तसं म्हणायला लावलं आणि ते राहिलं. वन्सं पालीला असतात, शाळेतून निवृत्त झाल्यात. नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत त्या दर शनिवारी आमच्याकडे चौलला यायच्या आणि आईला घेऊन वाडीत फिरायच्या. हातात फोनचा कॅमेरा चालू, आई पुढे. सासूबाई एकेका पोफळीला, एकेका माडाला हात लावून त्याची हकिगत सांगायच्या. ही वाकडी, हिची सुपारी बारीक पण घट्ट. हा माड तुझ्या बाबांनी लावला, पहिली सात वर्षं नुसता उभा होता. ह्याच्यावर वीज पडली, तरी धरतो. विहिरीपासून सुरुवात करून पाटाच्या कडेने कुंपणापर्यंत, मग परत. वन्सं मध्ये मध्ये प्रश्न विचारायच्या आणि आईचा ओरडा खायच्या.

त्यानंतर जूनमध्ये ते वादळ आलं आणि एका दुपारी वाडी आडवी झाली. दोनशेच्या वर पोफळी होत्या, उभ्या राहिल्या त्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुढच्या माघात सासूबाई गेल्या. म्हणजे त्या चित्रीकरणात होती ती झाडंही नाहीत आणि ती दाखवणारं माणूसही नाही. सासूबाईंचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. फोनवरचं बोलणं आमच्याकडे कुणी साठवलं नव्हतं आणि घरच्या लग्नांच्या सीडीत नुसतं बँडचं वाजवणं आहे.

दिवस झाल्यावर परत जाताना वन्संनी डिस्क माझ्या हातात दिली. त्यांचा फोन मरायला टेकला होता, लॅपटॉप भाच्याला देऊन टाकला होता. सगळं त्यांनी ह्या एका डिस्कवर आणून ठेवलं होतं. म्हणाल्या, "माझ्या घरात पावती सापडत नाही. तुझ्याकडे काही हरवत नाही. तू ठेव. आणि अजून एक कॉपी करून ठेव."

मी त्याच दिवशी वहीत लिहिलं: वन्संची डिस्क, दुसरी कॉपी. आणि त्याच आठवड्यात समोर बरोबरची खूण केली.

ही खूण कशी झाली ते सांगायला हवं. माझी एक पद्धत आहे. शाळेच्या कार्यालयात तीस वर्षं काढल्यावर ती लागली. एखाद्या कामाची सगळी तयारी झाली, सामान आणून एकत्र ठेवलं, की मी खूण करते, कारण मग ते काम होतंच. मी रेवदंड्याहून मोठा पेन ड्राइव्ह आणला, डिस्कला रबराने बांधून कपाटात ठेवला आणि खूण केली. रविवारी बसून कॉपी करणार होते. त्या रविवारी पाहुणे आले. पुढे शाळेच्या निकालपत्रांसाठी पेन ड्राइव्ह लागला, तेव्हा मी रबर सोडून तो नेला. वन्संनी दोन महिन्यांनी फोनवर विचारलं तेव्हा मी वही उघडली, खूण बघितली आणि सांगितलं, "झालीय." खोटं बोलत्येय असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही. वहीत खूण होती.

पाच वर्षं कुणी ते बघितलं नाही. वन्सं म्हणायच्या, मला बघवणार नाही. यंदा गणपतीत त्या आल्या तेव्हा आपण होऊन म्हणाल्या, "आईच्या तिथीला जेवायच्या आधी लावू या टीव्हीवर. आता बघीन मी." तेवढ्यासाठी त्या आदल्या दिवशी येणार होत्या.

गुरुवारी संध्याकाळी मी व्यवस्थित कामाला लागले. वायर बदलली. लॅपटॉपला लावून बघितली. शाळेतल्या संगणकाला लावून बघितली. सगळीकडे टक्, टक्. मग इंटरनेटवर शोधलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की असा आवाज आल्यास डिस्क ताबडतोब बंद करा, पुन्हा जोडू नका, उघडू नका, जाणकाराकडे द्या. हे मी वाचलं. वाचलं नव्हतं असं म्हणायची मला सोय नाही. पनवेलला अशी कामं करणारं एक दुकान आहे, त्याचा नंबरसुद्धा मी वहीत लिहून घेतला. फोन केला नाही.

दुकानदार पंधरा दिवस लावणार. तिथी आठ दिवसांवर. म्हणजे वन्संना सांगावं लागणार की डिस्क दुरुस्तीला आहे. त्यावर त्या साहजिकच म्हणणार, मग दुसरी कॉपी लाव. तिथे येऊन माझा विचार थांबायचा. घरच्या घरी दुरुस्त झाली असती तर कुणाला काही सांगायलाच लागलं नसतं.

तेव्हा मी व्हिडिओ बघितले. एका माणसाने डिस्क फ्रीजरमध्ये ठेवून चालू केली होती. खाली लोकांनी त्याचे आभार मानले होते. मी यादी केली: दोन पिशव्या, हवा काढणे, बारा तास, काढल्याबरोबर जोडणे, कॉपी. शनिवारी सकाळी डिस्क फ्रीजरमध्ये गेली.

दुपारी नवऱ्याने फ्रीजर उघडला. "हे काय गं? मला वाटलं मोदकाचं सारण उरलंय."

मी म्हटलं, वन्संची डिस्क आहे, जरा बिघडलीय.

"म्हणून तिला थंडी वाजवायची?" तो हसला. मग म्हणाला, "पण दुसरी कॉपी आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

हे मात्र मी कळून बोललेलं खोटं होतं. तो निश्चिंत होऊन पेपर वाचायला गेला.

संध्याकाळी सातला मी डिस्क काढून लॅपटॉपला लावली आणि ती चालू झाली. टकटक नाही. पडद्यावर वन्संनी दिलेलं नाव आलं: आई वाडी. उघडलं तर एकाखाली एक तारखांची रांग. त्या क्षणी जे करायचं ते एकच होतं: सगळं निवडायचं आणि लॅपटॉपवर ओढायचं. मी आधी मोजलं. किती आहेत ते माहीत नसेल तर सगळे आले की नाही ते कसं कळणार, अशी माझी डोक्यात बसलेली सवय. एक्केचाळीस. मी वही ओढली आणि लिहिलं, एकूण ४१. मान वर केली तेव्हा टक् झालं. मी घाईने पहिलं चित्रीकरण निवडलं, पडद्यावर गोल फिरत राहिलं, आणि मग नावंही गेली.

ते एक मिनिट होतं, जास्तीत जास्त सव्वा. एक्केचाळीस नाहीत तरी दोन-तीन चित्रीकरणं त्यात आली असती. एकसुद्धा पुरलं असतं. माझ्याकडे त्या मिनिटाचा पुरावा म्हणून वहीत एक आकडा आहे.

रविवारी पुन्हा फ्रीजर. ह्या वेळी काहीच झालं नाही. पण एकदा चालू झालेली बघितल्यामुळे मला थांबवेना. नुसती टकटक होती तोवर मी कदाचित पनवेलला गेले असते. आता वाटत होतं, आतलं काहीतरी अडकलंय, एवढंसं ढकललं की सुटेल.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली. शाळेच्या संगणक कक्षातून बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच घेतला, साहित्याच्या नोंदवहीत तशी नोंद केली. जेवणाच्या टेबलावर जुनी पांढरी चादर घातली, पंखा बंद केला, केस बांधले, हात धुतले. स्क्रू चांदणीच्या आकाराचे होते. काढले तसे मी क्रमाने कागदावर ठेवले आणि प्रत्येकाजवळ आकडा लिहिला. शेवटचा स्क्रू लेबलखाली लपलेला असतो, तो व्हिडिओमध्ये बघितल्यामुळे मला माहीत होता. झाकण निघालं. आत एक चकचकीत तबकडी आणि तिच्या कडेला चिमट्यासारखा नाजूक हात. तो हात तबकडीच्या मधोमध येऊन थांबला होता. कान पुसायची कापसाची काडी घेऊन मी तो हळूच बाहेर सरकवला. सरकला. मला इतका आनंद झाला की मी उठून पाणी प्यायले.

परत येऊन बघते तर तबकडीवर धुकं. नुकतीच फ्रीजरमधून काढलेली डिस्क आणि आमची ही हवा. भाद्रपदात आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं, पापड वातड होतात, काडेपेटी पेटत नाही. समुद्र अर्ध्या तासावर. पुसायला मी चष्म्याचं फडकं उचललं आणि खाली ठेवलं, ओरखडा पडेल म्हणून. एवढी अक्कल होती. मग जे सुचलं ते आमच्या घरात कुणालाही सुचलं असतं. ओल धरलेली कुठलीही वस्तू आम्ही तांदळात ठेवतो. भिजलेला फोन, बॅटरी, सासूबाईंचं कानाचं यंत्र, एकदा तर नवऱ्याचं घड्याळ, सगळं त्या डब्यातून कोरडं होऊन बाहेर आलेलं आहे. मी झाकण नुसतं वर ठेवलं, स्क्रू न लावता, डिस्क मलमलच्या फडक्यात गुंडाळली आणि तांदळाच्या मोठ्या डब्यात मध्यभागी पुरली. वरून तांदूळ सारखे केले. वहीत लिहिलं, मंगळवार दुपारपर्यंत.

मंगळवारी काढली. धुकं गेलं होतं. मी स्क्रू आकड्याप्रमाणे लावले, डिस्क जोडली. टक् झालं नाही. त्याऐवजी खरवडल्यासारखा आवाज आला, किसणीवर नारळ किसावा तसा. मी वायर उपटली, पण तो आवाज तोवर पाच-सहा सेकंद झाला होता.

बुधवारी एसटीने पनवेलला गेले. दुकानातला माणूस चाळिशीचा, शांत. मी त्याला एवढंच सांगितलं की डिस्क टकटक करत होती. त्याने आतल्या काचेच्या खोलीत नेऊन ती उघडली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला.

"मॅडम, उघडली होती ना कुणीतरी?"

मी म्हटलं, मीच.

"ओके. पण आतमध्ये व्हाइट पावडर है, पूरा. फाइन पावडर. हे कसलं?"

मला क्षणभर कळलंच नाही. आणि मग कळलं. आमच्याकडे वर्षाचे तांदूळ भरताना किडे होऊ नयेत म्हणून त्याला बोरिक पावडर चोळतात. सासूबाई चोळायच्या, आता मी चोळते. मलमलमधून ती पिठासारखी गाळून आत गेली होती. मी सांगितलं. त्याने मान हलवली, हसला नाही. म्हणाला, तांदळाचे फोन माझ्याकडे रोज येतात, पण बोरिक लावलेल्या तांदळातली उघडी हार्ड डिस्क पहिल्यांदाच आली. डिस्क फिरल्यावर ती पावडर तबकडीवर घासली होती. वरचा थरच गेला होता, गोल गोल रेघा पडल्या होत्या. त्याने मला त्या दिव्याखाली धरून दाखवल्या.

मी विचारलं, पहिल्या दिवशीच आणली असती तर?

त्याने डिस्क खाली ठेवली. "टकटक म्हणजे हेडचा प्रॉब्लेम. तबकडी तेव्हा चांगली होती. चान्स चांगला होता, मॅडम." आणि बहुधा माझा चेहरा बघून म्हणाला, "बॅकअप असेल ना?"

मी डिस्क पर्समध्ये ठेवली. परतीच्या प्रवासात दोन-तीन वाक्यं तयार केली. डिस्क जुनी होती. खारी हवा. कॉपीसुद्धा उघडेना. शेवटचं वाक्य चांगलं होतं, त्यावर कुणी काही विचारू शकलं नसतं. पेण गेलं तरी मी त्याच वाक्यावर होते.

वन्सं गुरुवारी दुपारी आल्या, हातात अळूच्या पानांची जुडी. पालीला चांगलं मिळालं म्हणे. चहा पिऊन त्या मागच्या दारी पानं धुवायला बसल्या. तिथून वाडी दिसते. आता तिथे नव्याने लावलेली कमरेएवढी रोपं आहेत. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. गुरुवारपासून बुधवारपर्यंत, क्रमाने. तयार केलेली वाक्यं वापरली नाहीत. हे मोठेपणाने नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि खोटं बोलायला मला तेवढा वेळच मिळाला नाही.

त्या पानं धुत राहिल्या. फ्रीजरचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "फ्रीजर." उघडल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरकडे न्यायच्या आधी पेशंटचं पोट फाडून बघितलंस." बोरिक पावडरीशी आले तेव्हा त्यांच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. "आईची बोरिक पावडर," त्या म्हणाल्या. मग हात थांबले.

"बरं. ती गेली. दुसरी लाव."

"दुसरी नाहीये वन्सं. केलीच नव्हती."

"तू सांगितलंस केलीय."

"हो."

"मी विचारलं होतं. फोनवर. तू झालीय म्हणालीस."

"हो."

त्यांनी पानांतलं पाणी झटकलं. नवरा दारात येऊन उभा राहिला होता. त्यानेही ऐकलं होतं. त्याच्याकडे बघायचं मी टाळलं.

"यंत्र बिघडतं," वन्सं म्हणाल्या. "त्याचं मला काही नाही. पहिल्या टक् ला मला फोन केला असतास तर मी तुला काय केलं असतं गं? ओरडले असते. शाळेत पन्नास पोरांना ओरडत होते, कोण मेलं त्यातलं?"

त्या पानं घेऊन आत गेल्या आणि देठं सोलायला लागल्या.

तिथी नीट पार पडली. सगळं वेळेवर झालं, अळूवडी कुरकुरीत झाली, गुरुजी म्हणाले इतकी व्यवस्था कुठे बघायला मिळत नाही. जेवायच्या आधी टीव्ही बंदच राहिला. वन्सं जेवल्या, पण परत काही घेतलं नाही. निघताना त्यांनी डिस्क मागितली. मी म्हटलं, त्यात आता काही नाही. म्हणाल्या, "माहितीय मला. दे." त्यांनी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. नवरा त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेला. अजूनही तो त्या विषयावर बोललेला नाही. फक्त मी काही झालंय असं म्हटलं की तो क्षणभर माझ्याकडे बघतो. गॅस बंद केलास का, हो केला. तो उठून बघून येतो.

पंधरा-वीस दिवसांनी वन्संचा फोन आला. मी शाळेत होते, हजेरीपत्रकं तपासत. त्यांनी ख्यालीखुशाली विचारली नाही.

"एका रेकॉर्डिंगमध्ये तू आहेस," त्या म्हणाल्या. "आई विहिरीजवळ उभी आहे आणि तू घरातून हाक मारतेस, चहा झालाय म्हणून. दिसत नाहीस, नुसता आवाज. आई वळते आणि तुला काहीतरी उत्तर देते आणि हसते. मला तिचं हसणं आठवतंय. काय म्हणाली ते आठवत नाही. दोन दिवस डोकं खाजवत्येय. तुला आठवतं?"

मी डोळे मिटून बघितलं. चहाला हाक मी रोज मारायचे. सासूबाई रोज काहीतरी म्हणायच्या. तुझा चहा उतू गेला तरी चालेल, माझी माणसं उभी आहेत इथे. किंवा, आणून दे इकडेच, पोफळीलाही घोटभर घालते. ह्यातलं काहीही त्या म्हणाल्या असत्या, हुबेहूब त्यांच्यासारखंच होतं. मी सांगितलं असतं तर वन्संनी ते लगेच घेतलं असतं. दोन दिवसांत त्यांना ते ऐकल्यासारखंसुद्धा वाटलं असतं. माझ्या ओठांवर आलं होतं.

"नाही आठवत, वन्सं."

"नीट बघ."

"बघितलं. नाही आठवत."

पलीकडे त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "आठवलं तर सांग. नाही आठवलं तर बनवून सांगू नकोस."

अजून आठवलेलं नाही.